फायबर तुटली हे राउटरला कसं कळणार?

सप्रेम नमस्कार. आमचं हिशेब तपासणीचं छोटं ऑफिस घराच्याच तळमजल्यावर आहे. पाच जण काम करतो, सगळं सॉफ्टवेअर आता क्लाउडवर आहे. वर आम्ही राहतो. यजमान घरून काम करतात आणि दिवसभर कंपनीच्या व्हीपीएनवर (कंपनीच्या जाळ्याला जोडणाऱ्या सुरक्षित वाटेवर) असतात, मुलगा कॉलेजात आहे. १०० एमबीपीएसची एक फायबर लाइन आहे. ती मधूनच जाते, आणि विवरणपत्रं भरायच्या शेवटच्या दिवशी हमखास जाते. म्हणून दुसऱ्या कंपनीची ५० एमबीपीएसची लाइन घेतली. आता घरात दोन राउटर आणि दोन वायफाय झालेत. एक गेलं की प्रत्येकाने हाताने दुसऱ्यावर जायचं. प्रिंटर एकावर, टेबलावरचा इंटरनेट फोन दुसऱ्यावर, त्यामुळे रोजची शोधाशोध. विक्रेता म्हणतो, ड्युअल वॅन (दोन इंटरनेट लाइनी लागणारा) राउटर घ्या, दोन्ही लाइनी एक होऊन १५० चा वेग मिळेल आणि नेट कधीच जाणार नाही. भाचा म्हणतो, मावशी, काही विकत घेऊ नकोस, जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचं सॉफ्टवेअर टाकून देतो. मला तांत्रिक कळत नाही, पण पैसे एकदाच घालायचे आहेत. कोणता राउटर घेऊ?
– दोन वायफायांची मालकीण

ताई,

राउटर घ्या, हा विक्रेत्याचा सल्ला बरोबर आहे. दोन्ही लाइनी एकाच राउटरमध्ये आल्या, घरभर एकच वायफाय राहिलं, की प्रिंटर-फोनची शोधाशोध त्याच दिवशी थांबेल. पण त्याने दिलेली दोन्ही आश्वासनं, १५० चा वेग आणि कधीच न जाणारं नेट, अर्धीमुर्धी खरी आहेत. म्हणून खोक्यावर छापलेला वेग पाहून राउटर निवडू नका. दुकानात गेल्यावर एक प्रश्न विचारा: "रस्त्यावर फायबर तुटली, पण घरातल्या यंत्राचे दिवे लागलेलेच आहेत. अशा वेळी तुमच्या राउटरला लाइन गेल्याचं कसं कळतं?" याचं उत्तर ज्याला न अडखळता देता येईल, त्याचं पुढचं ऐकण्यासारखं असेल.

आधी १५० चा हिशेब. तुम्ही हिशेबातल्या आहात, पण ही बेरीज तुमच्या ओळखीची नाही.

ड्युअल वॅन राउटर जे लोड बॅलन्सिंग करतो, त्यात प्रत्येक नवं कनेक्शन उघडताना ते कुठल्या लाइनवर टाकायचं हे ठरतं. एकदा टाकलं की ते संपेपर्यंत त्याच लाइनवर राहतं. एक मोठी फाइल उतरवायला घेतली आणि ती पन्नासच्या लाइनवर पडली, तर ती पन्नासच्याच वेगाने उतरेल; शंभरची लाइन शेजारी मोकळी असली तरी तिचा उपयोग नाही. पाच जण एकाच वेळी काम करत असतात तेव्हा सगळ्यांचा मिळून वापर १५० च्या जवळ जाऊ शकतो, एवढ्यापुरतं विक्रेत्याचं म्हणणं खरं. वेग मोजणारी संकेतस्थळं एकाच वेळी बरीच कनेक्शनं उघडतात, त्यामुळे दुकानात दाखवताना आकडा झकास येतो. तो पाहून भुलू नका.

एकाच कनेक्शनला दोन्ही लाइनी खरोखर जोडण्याची सोयही असते. तिला बाँडिंग म्हणतात. पण त्यासाठी पलीकडच्या टोकालाही कुणीतरी लागतं: इंटरनेटवर कुठेतरी एक सर्व्हर, जो दोन वाटांनी आलेले माहितीचे तुकडे पुन्हा क्रमाने लावून पुढे पाठवतो. पेपलिंकचं स्पीडफ्यूजन, स्पीडिफाय हे ॲप, ओपनएमपीटीसीपीराउटर हे मोफत सॉफ्टवेअर, सगळ्यांची रचना साधारण हीच. बाँडिंगचा मला पटणारा फायदा वेगाचा नाही. बाहेरच्या जगाला तुमचा पत्ता म्हणून त्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो, त्यामुळे एक लाइन गेली तरी चालू असलेला कॉल तुटत नाही. याच्या बदल्यात सर्व्हरचं भाडं चालू होतं, सगळी वाहतूक वळसा घालून जाते, आणि एका लाइनचा विलंब २० मिलिसेकंद व दुसरीचा ८० असला तर आधी पोचलेले तुकडे मागच्यांची वाट पाहत ताटकळतात. घटनास्थळावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना ते परवडतं, कारण त्यांना पर्यायच नसतो. तुम्हाला आहे. बाँडिंग विसरा.

तुम्हाला हवं आहे ते फेलओव्हर: एक लाइन गेली की सगळं आपोआप दुसरीवर. ऐकायला सोपं वाटतं. मात्र बऱ्या आणि वाईट राउटरमधला खरा फरक इथेच असतो, आणि खोक्यावर त्याबद्दल एक ओळही नसते.

साधा राउटर लाइन जिवंत आहे की नाही हे पाहताना वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरची लाइन जिथे लागते त्या खाचेला, जोडलेली केबल बोलते आहे का, एवढंच पाहतो. फायबरच्या बाबतीत ही कसोटी जवळपास बिनकामाची. फायबर घरात येऊन संपते ती ओएनटी नावाच्या छोट्या यंत्रात, आणि तिथून राउटरपर्यंत येते साधी इथरनेट केबल. खोदकामात बाहेर फायबर तुटली तरी ओएनटीला वीज मिळत असते आणि इथरनेट केबलही जागेवर असते, त्यामुळे राउटरच्या दृष्टीने सगळं आलबेल. तो तुमच्या पाचही जणांना मेलेल्या लाइनवरच बसवून ठेवतो. "फेलओव्हर घेतलं पण चाललंच नाही" अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांच्या घरी हेच झालेलं असतं.

चांगला राउटर दर काही सेकंदांनी प्रत्येक लाइनमधून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारतो आणि उत्तर येतं का ते पाहतो. हाक मारायचा पत्ता तुम्हाला निवडता आला पाहिजे. काही राउटर फक्त कंपनीच्या गेटवेला, म्हणजे वाटेतल्या पहिल्याच यंत्राला, हाक मारून समाधान मानतात. ते यंत्र उत्तर देतं, पण त्याच्यापुढे कंपनीचं अख्खं जाळं आडवं झालेलं असू शकतं. म्हणून पत्ता दूरचा आणि भरवशाचा हवा. गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे सर्रास वापरले जातात. एक नको, निदान दोन हवेत, आणि दोन्ही गप्प असतील तरच लाइन मेली असं धरायचं. नाहीतर समोरचा एक पत्ता काही कारणाने मुका झाला की तुमची धडधाकट लाइन उगाच सोडली जाईल.

वेळेचा प्रश्नही आहे. दर ५ सेकंदांनी हाक आणि सलग ३ वेळा उत्तर नाही तर अदलाबदल, म्हणजे पंधरा-वीस सेकंदांत काम होतं. ऑफिससाठी हे ठीक आहे. यापेक्षा फार चटपटीत ठेवलंत तर जरासा अडखळा आला की राउटर उडी मारेल. परत येताना मात्र मुळीच घाई नको. बिघडलेली लाइन दुरुस्त होताना अनेकदा दोन मिनिटं येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. मुख्य लाइन सलग पाचेक मिनिटं शुद्धीवर राहिली तरच परत जा, असं सांगण्याची सोय राउटरमध्ये असायला हवी. ती नसेल तर दिवसभर तुमचं ऑफिस या लाइनवरून त्या लाइनवर हेलपाटे घालेल, आणि ते नेट नसण्यापेक्षा त्रासदायक असतं.

लाइन पूर्ण मेली तर दोष ओळखणं तरी सोपं. खरा छळ अर्धमेल्या लाइनचा. शंभरातले वीस तुकडे गहाळ होत आहेत, मेल कसाबसा जातो, व्हिडिओ कॉलवर माणसं रोबोसारखी बोलतात. अशा लाइनवर पाच हाकांपैकी चारांना उत्तर मिळतं, म्हणून भोळा राउटर तिला पास करतो. "किती टक्के तुकडे गहाळ झाले की किंवा विलंब किती मिलिसेकंदांच्या वर गेला की लाइन सोडायची" हे ठरवता येत असेल, तर तो राउटर एका पायरीने वर ठेवा. माझ्या लेखी ही सोय दोन जादा पोर्टांपेक्षा मोलाची.

आता "नेट कधीच जाणार नाही" याचं काय? राउटरने लाइन बदलली की बाहेरून दिसणारा तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या लाइनचा क्रमांक, बदलतो, कारण दुसरी कंपनी तुम्हाला दुसरा पत्ता देते. जी कनेक्शनं चालू होती ती तुटतात. यजमानांचं व्हीपीएन पडेल आणि पुन्हा जोडलं जाईल, कदाचित पासवर्डही पुन्हा मागेल. व्हिडिओ कॉल काही सेकंद गोठून परत येईल. ब्राउझरमधली साधी कामं लक्षातही येणार नाहीत. बाँडिंग नसेल तर हे प्रत्येक राउटरमध्ये होणार, महागातल्या महाग राउटरमध्येसुद्धा. तीस सेकंदांचा खोळंबा आणि तीन तासांचा खोळंबा यांत तुम्ही तीस सेकंद विकत घेत आहात. सौदा चांगलाच आहे, फक्त त्याला चमत्कार समजू नका.

तुमच्या टेबलावरच्या इंटरनेट फोनची गोष्ट थोडी वेगळी. तो सर्व्हरला सतत "मी आहे" असं कळवत राहतो, आणि राउटर ते जुनंच संभाषण समजून मेलेल्या लाइनवर ढकलत राहू शकतो. सगळं ऑफिस चालू आणि फोन मात्र बंद, असं कोडं त्यातून तयार होतं. लाइन पडली की तिच्यावरच्या सगळ्या जुन्या नोंदी पुसून टाकण्याचा पर्याय काही राउटरमध्ये असतो. तो असेल तर चालू करा. नसेल तर फोन बंद करून चालू करायचा, हे ऑफिसमधल्या एकाला तरी सांगून ठेवा.

डीएनएसवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे भलेभले फसतात. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा म्हणजे डीएनएस, आणि राउटर ती सहसा लाइन देणाऱ्या कंपनीकडूनच घेतो. पण कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर अनेकदा फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. पहिली लाइन गेली, राउटरने दुसरीवर उडी मारली, पण डीएनएसची चौकशी अजून पहिल्याच कंपनीच्या सर्व्हरकडे चालली असेल, तर तो दारातूनच परत पाठवतो. फेलओव्हर झालं, लाइन चालू आहे, आणि एकही संकेतस्थळ उघडत नाही. यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये कुठल्याही लाइनवरून चालणारा सार्वजनिक डीएनएस घालायचा. वरचे दोन पत्ते डीएनएसचेच आहेत. क्वाड नाइनचा ९.९.९.९ हा तिसरा. यातही एक बारीक खोच आहे. काही राउटर हाक मारायचा पत्ता त्या-त्या लाइनला बांधून टाकतात. पहिल्या लाइनच्या तपासणीसाठी ८.८.८.८ दिला असेल आणि डीएनएसही तोच असेल, तर पहिली लाइन गेल्यावर त्या पत्त्याकडे जायची वाटच बंद होते. म्हणून तपासणीचे पत्ते वेगळे आणि डीएनएसचे वेगळे ठेवा.

हे सगळं वाचून धसका घेऊ नका. तुमच्या घरासाठी मी लोड बॅलन्सिंगच्या भानगडीतही पडणार नाही, त्याऐवजी सरळ वाटणी करेन. तळमजला, म्हणजे ऑफिसचे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि फोन शंभरच्या लाइनवर. वरचा मजला, यजमानांच्या लॅपटॉपसकट, पन्नासच्या लाइनवर. आणि कुठलीही लाइन पडली की त्या मजल्याने दुसरीचा आसरा घ्यायचा. दोन्ही लाइनींचे पैसे वसूल होतात, मुलाच्या डाउनलोडचा ऑफिसला त्रास होत नाही, आणि एक जुनी डोकेदुखीही टळते. बँकांची आणि सरकारी संकेतस्थळं बऱ्याचदा लॉगिन केल्यावर तुमचा आयपी पत्ता लक्षात ठेवतात. लोड बॅलन्सिंगमध्ये एक कनेक्शन या लाइनने आणि पुढचं त्या लाइनने गेलं की त्यांना संशय येतो आणि ती तुम्हाला बाहेर काढतात. ऐन विवरणपत्राच्या मधोमध! या वाटणीला राउटरच्या भाषेत पॉलिसी राउटिंग म्हणतात. विक्रेत्याला विचारायचा दुसरा प्रश्न हा: "कुठल्या उपकरणाने कुठली लाइन वापरायची हे मला ठरवता येईल का, आणि ती लाइन पडली तर ते उपकरण आपोआप दुसरीवर जाईल का?" दोन्हींचं उत्तर हो हवं. काही राउटर वाटणी करतात पण मग त्या उपकरणाला तिथेच अडकवून ठेवतात.

आता राउटरपेक्षाही मोठा मुद्दा. तुमच्या दोन लाइनी खरंच दोन आहेत का? बिल दोन कंपन्यांचं येतं याने काही सिद्ध होत नाही. दोन्ही फायबर असतील तर बाहेर जाऊन त्यांची वाट पाहा. दोन्ही एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील, तर एक कुदळ दोघींना पुरते. छोटी कंपनी मोठ्या कंपनीचंच जाळं भाड्याने घेऊन पुढे विकते, असंही असतं. हिशेब करून बघा: ९९ टक्के वेळ चालणारी लाइन वर्षाच्या ८,७६० तासांपैकी जवळपास ८८ तास बंद असते. अशा दोन लाइनी एकमेकींशी काहीही संबंध न ठेवता बंद पडत असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा वेळ वर्षाला जेमतेम ५३ मिनिटांवर येतो. पण हा गुणाकार त्यांचा संबंध नसेल तरच लागू होतो. एकाच खांबावरच्या दोन लाइनींना तो लावणं म्हणजे एकाच खात्याच्या दोन पासबुकांतली शिल्लक जोडणं.

वाट एकच निघाली तर दुसरी लाइन बंद करून तिच्या जागी मोबाइल नेटवर्कची घ्या, तीही फायबर देणाऱ्या कंपनीची सोडून वेगळ्या कंपनीची. सिम राउटरच्याच पोटात बसणारं घ्यावं की यूएसबी डोंगल लावावा? मी पोटातल्याच्या बाजूचा. डोंगल राउटरच्या चालणाऱ्या यादीत असेलच असं नाही, तो तापतो, अडकतो, आणि काढून पुन्हा लावावा लागतो. म्हणजे आपोआपचं काम पुन्हा हाताने. सिमवाल्या राउटरला बाहेरचा अँटेना जोडायची जागा असेल तर उत्तम, कारण राउटर सहसा घराच्या अशा कोपऱ्यात असतो जिथे सिग्नल लाजतो. खोक्यावर "कॅट ४" (४जी मोडेमची एक श्रेणी) लिहिलं असेल तर त्याचा अर्थ उतरवायला जास्तीत जास्त १५० एमबीपीएस आणि चढवायला ५०, तेही कागदावर. प्रत्यक्षात टॉवरवरच्या गर्दीनुसार बरंच कमी मिळतं, पण अडीनडीला पाच जणांचं भागतं. मात्र मोबाइल लाइनला डेटाची मर्यादा असेल, तर ती लाइन चालू असताना कोणी काय वापरायचं यावर नियम घाला. नाहीतर फायबर गेल्या दुपारी सगळे कॉम्प्युटर विंडोजचे अपडेट उतरवून महिन्याचा डेटा तासाभरात संपवतील.

मोबाइल लाइनची आणखी एक मर्यादा. बाहेरून घरातल्या सीसीटीव्हीवर किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर थेट यायची सवय असेल, तर त्या लाइनवर ते बहुतेक चालणार नाही. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही त्याच वाटपात आहात. तो टप्पा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही फायबर कंपन्याही हेच करतात, म्हणून आहे त्या लाइनींचे पत्तेही एकदा पाहून घ्या.

विजेचं थोडक्यात. वीज गेली की ओएनटी, राउटर, वायफायचं यंत्र सगळं एकदम झोपतं आणि दोन लाइनी असून उपयोग नसतो. ही सगळी यंत्रं मिळून फार वीज खात नाहीत. एक छोटा यूपीएस फक्त त्यांच्यासाठी ठेवा, त्याला प्रिंटर लावू नका. जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये एक्स्चेंजपासून घरापर्यंत वाटेत वीज लागणारं काही नसतं, म्हणून तुमच्या गल्लीतली वीज गेली तरी लाइन चालू राहू शकते. फक्त तुमच्या बाजूची यंत्रं जागी हवीत.

आता खरेदी. तुमच्या १५० एमबीपीएसला आजचा कुठलाही गिगाबिट (१,००० एमबीपीएसचा) राउटर पुरून उरतो, तेव्हा वेगाच्या आकड्याचा ताण नको. एवढंच लक्षात असू द्या की खोक्यावरचा मोठा आकडा सगळ्या जादा सोयी बंद असतानाचा असतो. घुसखोरी रोखणारी तपासणी किंवा राउटरमधलंच व्हीपीएन चालू केलं की तो निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. माहितीपत्रकात व्हीपीएनचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वाचा. यजमानांचं व्हीपीएन त्यांच्या लॅपटॉपवर चालतं, त्याचा भार राउटरवर पडत नाही.

नावं हवीच असतील तर घ्या. टीपी-लिंकची ओमाडा मालिका आणि ड्रेटेकची व्हिगर मालिका तुमच्यासारख्या छोट्या ऑफिससाठीच आहेत आणि बहुतेक कामं ब्राउझरमधून होतात. मी इथूनच सुरुवात करेन. युबिक्विटीची युनिफाय दिसायला देखणी आणि वापरायला सोपी, घरात वायफायची यंत्रंही त्याच कंपनीची घेणार असाल तर जास्त शोभते. पेपलिंक या कामातला जुना आणि पक्का खेळाडू, पण काही सोयींसाठी वेगळा परवाना लागतो, तेव्हा दरवर्षी काय भरायचं हे लेखी घ्या. मायक्रोटिक कमी पैशात जवळपास काहीही करतो, पण सगळं तुम्हाला सांगावं लागतं. त्यातली सोपी तपासणी फक्त गेटवेपर्यंतच पाहते. त्यापुढचं पाहायला थोडी कारागिरी करावी लागते. बसवून देणारा माणूस जाणकार असेल तरच घ्या.

आणि भाचा. त्याचं म्हणणं खोटं नाही. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे मोफत सॉफ्टवेअर गहाळ तुकडे आणि विलंब दोन्ही मोजतं, लाइनींना पहिली-दुसरी पसंती देतं, आणि बऱ्याच तयार राउटरपेक्षा समजूतदार आहे. माझी शंका सॉफ्टवेअरवर नाही. जुना कॉम्प्युटर चोवीस तास चालवायचा, त्यात निदान तीन नेटवर्क पोर्ट हवेत, त्याची जुनी हार्डडिस्क कधी दगा देईल याचा नेम नाही, आणि विवरणपत्रांच्या शेवटच्या दिवशी भाच्याची परीक्षा असली की दुरुस्ती कोणी करायची? भाच्याला कामाला लावा, पण तयार राउटर बसवायला. वर लिहिलेल्या सगळ्या सेटिंग तो तासाभरात करेल.

कंपनी कोणतीही असो, तिने त्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं द्यायचं कबूल केलं आहे ते पाहा, आणि राउटरचं व्यवस्थापनाचं पान बाहेरच्या इंटरनेटवरून उघडणार नाही असं करा. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातली पाच लाख यंत्रं गाठली होती, आणि त्यांत नावाजलेल्या कंपन्यांचे घरगुती आणि छोट्या ऑफिसचे राउटर होते. ग्राहकांचे हिशेब ज्या घरात आहेत तिथे ही काळजी जास्तच. मोबाइल ॲपवरूनच चालणारे राउटर टाळा. नेट गेल्यावर सेटिंग पाहायला नेट लागावं, यासारखा विनोद नाही.

बसवताना तीन गोष्टी भाच्याला वाचून दाखवा. दोन्ही कंपन्यांचे राउटर ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगायचं, म्हणजे ते नुसते वाहक होतील आणि वाटप एकाच ठिकाणी होईल; कंपनीने नकार दिला तरी काम चालतं, फक्त बाहेरून आत येण्याची सोय अवघड होते. दुसरं, अशा बऱ्याच राउटरांत वायफाय नसतं, त्यासाठी प्रत्येक मजल्यावर वेगळं ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचं यंत्र, लागेल. हा खर्च आधीच धरा. तिसरं, आयपीव्ही ६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर फेलओव्हर त्यावरही होतं का ते तपासायचं. बऱ्याच राउटरांत जुन्या आयपीव्ही ४ चं फेलओव्हर व्यवस्थित चालतं आणि आयपीव्ही ६ मागेच अडकून पडतं, मग काही संकेतस्थळं उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात. जमत नसेल तर दुसरी लाइन नीट चालेपर्यंत आयपीव्ही ६ बंद ठेवलेलं बरं.

एक तपासणी मात्र राउटर घेण्याआधीच करा. पुढच्या वेळी "नेट गेलं" अशी हाक आली की लॅपटॉप केबलने थेट कंपनीच्या राउटरला लावून बघा. केबलवर नेट चालत असेल तर लाइन ठणठणीत आहे आणि दोष वायफायचा. मग दुसरी लाइन काय, चौथी लाइन घेतली तरी फरक पडणार नाही.

राउटर बसल्यावर दुकानदाराच्या किंवा भाच्याच्या समोरच परीक्षा घ्या. वॅनची केबल ओढून दाखवतील, ती परीक्षा धरू नका, ती कुठलाही राउटर पास होतो. ओएनटीला येणारी फायबर हळूच काढा. तिच्या टोकात डोळा लावून पाहू नका, टोकाला बोट लावू नका, धूळ बसली तर नवीनच दुखणं होईल. ओएनटी चालू, केबल जागेवर, फायबर बाहेर. आता घड्याळ लावा. यजमानांना व्हिडिओ कॉलवर बसवा, फोन लावून बघा, बँकेचं पान उघडा, एखादं आजवर न उघडलेलं संकेतस्थळ उघडून डीएनएसची परीक्षा घ्या. मग फायबर परत लावा आणि राउटर घाई न करता मूळ लाइनवर येतो का ते बघा. हेच दुसऱ्या लाइनचं. शेवटच्या तारखांच्या महिनाभर आधी ही तालीम दर वेळी करा, कारण फर्मवेअर, म्हणजे राउटरमधलं सॉफ्टवेअर, बदललं की सेटिंगही कधीकधी बदलतात.

राहिला प्रश्न हा राउटरच मेला तर काय, कारण आता सगळं त्याच्यावरून जातं. मोठी ऑफिसं दोन राउटर जोडीने चालवतात, तुम्हाला त्याची गरज नाही. ब्रिज मोडमधला जुना राउटर पुन्हा साधा कसा करायचा हे भाच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि कागद त्याच राउटरखाली ठेवा. नव्या राउटरच्या सगळ्या सेटिंगची एक फाइल काढून ठेवता येते, तीही काढा. फक्त ती क्लाउडवर ठेवू नका, पेन ड्राइव्हवर ठेवा. ती लागेल तेव्हा नेट नसणार.